पटावरची भाची

मला मामाच्या गावी मोजायला नेलं होतं. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना थट्टा वाटते, पण ती अगदी सरळ हकीकत आहे. मूर्तिजापूरच्या पलीकडे मामाचं गाव. तिथं चौथीपर्यंतची सरकारी शाळा आणि शाळेत तीन शिक्षक. सरकारकडे पैसा नाही, नवी भरती बंद, आणि पोरं कमी असतील तिथला शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरवून दुसरीकडे उचलून न्यायचा, असं तेव्हा वरून आलं होतं. तिसरा शिक्षक टिकवायला जितकी पोरं लागत होती, त्यात मामाच्या गावाला नेमकं एक कमी पडत होतं. दिगूमामा शाळा समितीचा अध्यक्ष. त्याने घरोघर जाऊन पाहिलं, पाळण्यातल्या बाळांकडेसुद्धा आशेने पाहिलं, पण शाळेत घालण्याजोगं एकही मूल शिल्लक नव्हतं. तेव्हा त्याला आपली अमरावतीची बहीण आठवली, आणि तिला तिसरीत जाणारी एक मुलगी आहे हेही आठवलं.

मामा आला तो पिशवीभर गावरान आंबे घेऊन. आंबे ठेवले, पाणी प्यायला आणि एकदम म्हणाला, “ताई, एक पोर दे.”

आई तांदूळ निवडत होती. तिने वरही पाहिलं नाही. “पोर काय वाटीभर साखर हाय काय रे, उसनं द्यायले?”

“वरीसभरासाठी दे. परत आणून देतो. वजन वाढवून देतो, बस?”

बाबा आतून बाहेर आले. राजापेठेत त्यांचं मोटारी बांधायचं दुकान होतं. जळालेल्या पंपाच्या मोटारींना नवी तार गुंडाळून देत. दिवसभर तारेचे वेढे मोजायचे आणि घरी आल्यावर मोजकंच बोलायचे. ते म्हणाले, “माह्यी पोरगी काय कापसाची गाठ हाय, गिनती लावायले न्यायले?” जावई चिडला म्हटल्यावर मामा गप्प झाला. पण आई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. “इथं तरी तिले कोण पाहून राहिलं? दोन तुकड्या एका वर्गात कोंबल्या. एक बाई निवृत्त झाली तर तिच्या जागेवर कोणी आलंच नाही. पोट्टे खिडकीत बसून शिकते.” हे खरं होतं. मी खिडकीत नव्हते, पण दाराच्या उंबऱ्याला टेकून बसायची, आणि वर्षभरात बाईंनी मला एकदाच हाक मारली, तीही शेजारच्या मुलीच्या नावाने. बाबा शेवटी म्हणाले, “दोन मयने पाहू. मंग मी स्वता येतो न्यायले.” दुसऱ्या दिवशी शाळेतून माझा दाखला निघाला आणि मामाने मला एसटीत खिडकीची जागा दिली.

गावात माझं जे स्वागत झालं तसं पुढे आयुष्यात कुठंही झालं नाही, लग्नातसुद्धा नाही. थांब्यावर दहा-बारा माणसं उभी होती. एक म्हातारे आजोबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “आली बापा आपली बाकी!” मग कळलं की सगळं गाव मला ‘बाकी’ म्हणून ओळखत होतं, कारण तेवढीच बाकी राहिली होती. मला शिंक आली की चार घरांतून काढा यायचा. मी विहिरीच्या काठाकडे नुसती वळले तरी कुणीतरी ओरडायचं, “अवं ते पोट्टी धरा, तिसरा मास्तर हाय तो!” मी आठ वर्षांची. हे माझ्या लगेच ध्यानात आलं आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. दूध नको म्हटलं की शोभामामी त्यात गूळ घालायची, तरी नको म्हटलं की मामा पाठीवर बसवून गावभर फिरवायचा. आज मुलांचे लाड करू नयेत असं मी जगाला सांगत असते, पण मनातून मला ते पटलेलं नाही.

मामाचं घर साधं, सिमेंटचं, पुढे ओटा, मागे गोठा. पहाटे मामीचा झाडू, मग हातपंपाचा कुंईकुंई आवाज, मग गिरणी सुरू झाली की तिचा तो टुकटुक टुकटुक आवाज सकाळभर चालायचा आणि वीज गेली की सगळ्या गावाला एकदम ऐकू कमी आल्यासारखं व्हायचं. मामाकडे बटणांचा मोबाइल होता, पण त्याला घरात आवाज पोहोचत नसे. आईशी बोलायचं तर गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला चिकटून उभं राहावं लागे. मामी ज्वारीच्या भाकरी करायची, मोठ्या, पातळ, कडेला करपलेल्या, आणि त्यावर मिरचीचा ठेचा तेलात. पहिल्या आठवड्यात मी ठेच्याने रडले आणि तिसऱ्या आठवड्यात ठेच्यावाचून रडले.

ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप त्या वानखडे बाई. उंच, सावळ्या, मूर्तिजापूरहून रोज स्कूटीवर येणाऱ्या, आवाज असा की पहिल्या रांगेतल्यालाही कान द्यावा लागे. त्यांना आवाज चढवायची गरजच नव्हती. तीन शिक्षक असल्यामुळे तिसरीचा वर्ग एकट्या त्यांचा, आणि वर्गात मुलं इतकी थोडी की प्रत्येकाच्या शेजारी बसून त्यांना वही पाहता यायची. मला हे फार विचित्र वाटलं. अमरावतीत शिक्षक म्हणजे लांबवर फळ्यापाशी दिसणारी साडी. इथं बाई माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या, त्यांच्या पदराला स्कूटीच्या पेट्रोलचा वास होता, आणि त्या म्हणाल्या, “वैशाली, हा धडा वाच पाहू.”

मी वाचला, घडाघडा. बाईंनी मधेच अलगद पान उलटलं आणि दुसराच धडा समोर आला. मी थांबले नाही. पानावर बैलगाडीचं चित्र होतं आणि मी आधीच्या धड्यातलं माकड झाडावर चढवत होते. बाईंनी मला शेवटपर्यंत म्हणू दिलं. एकही पोर हसलं नाही, कारण बाकीची आपापलं लिहीत होती. मग त्या हळूच म्हणाल्या, “पाठांतर लई छान हाय तुझं. किती दिवसांपासून असं करतेस?”

मला वाचता येत नव्हतं. तिसरीत आले तरी येत नव्हतं, आणि हे जगात कुणालाही माहीत नव्हतं, आईलासुद्धा नाही. अमरावतीत सगळा वर्ग एका सुरात वाचायचा. त्या सुरात मी एका शब्दाइतकी मागे राहून तोंड हलवायची आणि ऐकून ऐकून आख्खं पुस्तक पाठ करायची. एवढ्या मोठ्या वर्गात एक तोंड खोटं हलतंय हे कुणाला दिसणार? त्या बाईंना मी आजही दोष देत नाही. त्या रोज घसा बसेपर्यंत शिकवायच्या. पण वानखडे बाईंना ते पहिल्या दहा मिनिटांत दिसलं, आणि त्यांनी ते फक्त मामीला सांगितलं.

मग सुरू झाली ती शोभामामीची आणि बाईंची युती. मधल्या सुट्टीत खिचडी झाली की बाई मला अक्षरं जोडायला शिकवायच्या, आणि घरचा अभ्यास एकच, घरात जे जे लिहिलेलं असेल ते वाचायचं. मामाच्या घरात पुस्तकं नव्हती, पण भांडी होती. मामीच्या लग्नातली, मामाच्या मुंजीतली, बारशातली, गृहप्रवेशातली, आणि प्रत्येक भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नावं कोरलेली. मांडणीवरून एकेक भांडं उतरवायचं, उजेडाकडे तिरपं धरायचं आणि वाचायचं. ‘चि. सौ. कां. शोभा हिस विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट.’ मी ‘विवाहप्री’पर्यंत यायची आणि पुढे दम तुटायचा. मामी म्हणायची, “गिळ पाणी अन् पुन्ना घे.” एखादं नाव लागलं की मामी त्या माणसाची आख्खी कुंडली सांगायची. हा डबा देणारी आत्या लग्नात जेवायला बसली ती उठेचना, हा तांब्या देणाऱ्या काकांनी मागाहून तो परत मागितला होता. एका संध्याकाळी मी एक मोठा गंज, म्हणजे पातेलं, उचललं आणि अडखळत वाचलं, ‘लक्ष्मीबाई... यांचे... स्मरणार्थ.’ मामी चपापली. गंज शेजारच्या घरचा होता. कधीतरी वरण भरून आला आणि तसाच राहिला. “हळू वाच, हळू वाच,” मामीने माझ्या तोंडावर हात ठेवला, “आयकू जाईन तिले!” दुसऱ्या दिवशी गंज शेवया भरून शेजारी गेला. मी पहिल्यांदा वाचलेल्या गोष्टीचा असा थेट परिणाम पाहिला आणि मला वाचायचं वेडच लागलं.

पोळा झाला, पाऊस उघडला, सोयाबीन पिवळं पडायला लागलं, आणि मोजणीचा दिवस ठरला. विस्तार अधिकारी साहेब येणार, पोरं मोजणार आणि बाई राहणार की जाणार ते त्या दिवशी ठरणार. बाईंची बदली झाली तर ती कुठं पातूरच्याही पलीकडे होणार होती, आणि मग तिसरी-चौथी एकाच सरांकडे. मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “नीट बस त्या दिवशी.”

आता आमच्या वऱ्हाडी माणसाचा एक गुण आहे, तोच दुर्गुणही. दाराशी आलेल्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही. साहेब दुपारी येणार म्हणताच समितीची बैठक बसली, आणि पोरांची हजेरी, रजिस्टर, गणवेश हे सगळं बाजूला राहून दोन तास एकाच विषयावर चर्चा झाली, की साहेबाला जेवायला काय करायचं. ठरलं ते असं की मामाच्या शेतात रोडगे लावायचे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. सकाळीच गोवऱ्यांचा धूर शेतावर चढला. तो शाळेच्या खिडकीतून दिसत होता, वासही येत होता, आणि मग शाळेत पोरं थांबतात होय? मुख्याध्यापकांनी एकदा डोक्याला हात लावला आणि म्हणाले, “साहेब दोनला येणार हायेत. तवर नेऊन आणा पोरायले.” सगळी शाळा रांगेत, गाणी म्हणत, मामाच्या शेतात गेली. शाळेला कडी लागली.

साहेब आले अकरा-साडेअकरालाच. मोटरसायकल लावली, पाहतात तर एकही पोर नाही. वर्गाच्या दारात एक कोंबडी बसलेली. आणि त्याच वेळी शाळेपाशी पोहोचला दुसरा माणूस, हातात अमरावतीहून खायला आणलेल्या गिलावड्यांचा पुडा घेतलेला. ते माझे बाबा. दोन महिने उलटून गेले होते, शेजाऱ्यांनी ‘पोरगी मोजायले दिली म्हणे’ असं हसून विचारलं होतं, आणि ते ठरवल्याप्रमाणे मला न्यायला आले होते. घरी कुणी नाही म्हणून शाळेत आले. साहेबांनी त्यांना विचारलं, “या गावचे का तुम्ही?” बाबा, ज्यांच्या तोंडून घरी शब्द निघत नसे, ते म्हणाले, “नाई जी. मी पोरीले न्यायले आलो. पटासाठी आणून ठेवली हाय ना ते इथं.”

हे मला पुढे त्यांनीच सांगितलं, आणि दर वेळी कपाळावर हात मारून घेतला. धूर पाहून दोघंही मोटरसायकलवर शेतात आले. आम्ही नुकतेच ओळीने पंगतीत बसलो होतो. बाबा दिसताच मी ताट टाकून उठले, तर मामीने मला खांदा दाबून खाली बसवलं. साहेबांनी पंगतीतच मोजायला सुरुवात केली. एकेकाच्या डोक्याला बोट लावत, नाव विचारत येत होते. हातातल्या यादीवर खुणा करत होते. माझ्यापाशी थांबले.

“हीच का ती?” त्यांनी बाबांकडे पाहिलं. मग मामाकडे. “अध्यक्ष, आजच्या दिवसापुरती आणली का हिला?”

“नाई साहेब, देवाशपथ! जूनपासून हाय. आमची भाची हाय ते.”

“भाची तर सगळ्यांच्याच असतात.” साहेब चिडले नव्हते, थकलेले होते. त्यांनाही वरून कुणीतरी विचारणारच होतं. त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. “जूनपासून शाळेत आहेस ना? वाच.”

मामीच्या हातातला पळा तसाच वर राहिला. बाईंनी पदर घट्ट धरला. माझे हात तुपाने माखलेले, म्हणून साहेबांनीच कागद धरला होता. बारीक अक्षरं. पाठ नसलेली. मी पाणी गिळलं आणि सुरू केलं. “अ-ति-रिक्त... अतिरिक्त शिक्ष-कांचे... शिक्षकांचे स-मा-यो-जन...” ज्या मुलीने ‘विवाहप्रीत्यर्थ’ पचवलं होतं तिला ‘समायोजन’ काय अवघड? अर्थ मला काही कळत नव्हता. मी हळूहळू, एकेक शब्द फोडत, ओळीवर ओळ वाचत गेले. ‘पटसंख्येच्या प्रमाणात’ला अडखळले, पुन्हा घेतलं आणि पार केलं. वर पाहिलं तर बाई रडत होत्या. मला वाटलं, चुकलंच.

बाबा म्हणाले, “यात रडण्यासारखं काय हाय? तिसरीत हाय माह्यी पोरगी. वाचीनच.”

साहेबांनी कागदाची घडी केली. त्यांचा आवाज बदलला होता. “वाचते. पण तुम्ही आज हिला घेऊन जाणार म्हणता. मी हिला मोजलं आणि संध्याकाळी ही गेली, तर मी खोटा पडेन. तुम्हीच सांगा, मोजू की नको?”

सगळी पंगत थांबली. मामाने हातातलं भाजीचं भांडं खाली ठेवलं. त्याला हे बरोबर कळलं होतं की आता बोलायचा हक्क त्याचा नाही. मला आईची फार आठवण येत होती. बाबांच्या अंगाला मोटारीच्या वार्निशचा तो ओळखीचा वास होता आणि मला त्यांच्याबरोबर एसटीत बसायचं होतं. तरी मी त्यांची विजार ओढली. ते खाली वाकले.

“बाबा, मले तिथं वाचता येत नव्हतं.”

“काय?”

“मी नुसतं तोंड हलवत होतो. पहिलीपासून.”

 बाबा उठून विहिरीकडे गेले. बादली काढली, हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. गिलावड्यांचा पुडा काठावर ठेवलेला कुणा पोराने पळवला, तरी त्यांना कळलं नाही. परत आले तेव्हा त्यांचं तोंड ओलं होतं आणि ते रुमालाने पुसत नव्हते. साहेबांसमोर उभे राहून त्यांनी माझं नाव सांगितलं, मग स्वतःचं, मग आडनाव, सरकारी कागदावर सांगतात तसं पूर्ण. “लिहा साहेब. इथंच राहीन ते. चौथी होईस्तोर.”

मामाने डोळे पुसले आणि लगेच ओरडला, “अबे रोडगे थंडे होऊन राहिले, वाढा ना!” साहेबांनी चार रोडगे खाल्ले. जाताना कोंबडीबद्दल एक शब्द काढला नाही.

बाई त्या वर्षी राहिल्या आणि माझी चौथी होईपर्यंतही राहिल्या. नंतर गेल्या. मला परत अमरावतीला आणलं आणि पुढच्याच मोजणीत गावाला पुन्हा एक कमी पडलं. या वेळी गावाला दुसरी बाकी मिळाली नाही. आता तिथं एकच सर आहेत. मागच्या हिवाळ्यात गेले होते, तर ते पहिलीला पाढे घालून चौथीत धावत होते आणि चौथीला गणित घालून दुसरीत. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण त्यांना श्वास घ्यायलाच वेळ नव्हता. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. चुकीचं अक्षर माझ्या नजरेतून सुटत नाही असं लोक म्हणतात. अशा वेळी मला वानखडे बाईंची फार आठवण येते आणि हिशेब करणाऱ्यांचा रागही येतो.

त्या संध्याकाळी बाबांना सोडायला आम्ही सगळे थांब्यावर गेलो. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि घर सोडल्यापासून रडतच होते. एसटी आली. बाबा पायरीवर एक पाय ठेवून थांबले आणि वरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

“वाच.”

“मूर्तिजापूर... बडनेरा... अमरावती.”

“अन् हे?”

“तिकीट... घेऊन... प्रवास करा.”

“अन् हे काय हाय?”

कंडक्टरने घंटी मारली. “अहो, शाळा घेऊन राहिले का तुमी?” बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते आत चढले, खिडकीतून बाहेर वाकले आणि गाडी हलली तरी ओरडत राहिले, “मागच्या काचेवर पाह्य! काय लिवलं? मोठ्यानं!” मी गाडीमागे धावत सुटले, धुळीत, मामी मागून हाका मारत होती, आणि मी एकेक अक्षर फोडून ओरडत होते, “सं-कट-काळी... बाहेर... पडण्या-चा... मार्ग!” खिडकीतून बाबांचा हात बाहेर आला आणि तो वळणापर्यंत हलत राहिला.